बॉल तर गेला होता

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर फक्की पडते. पावसात वाढलेलं गवत कापून होतं, दोन माणसं डबा हलवत पांढऱ्या रेघा ओढत जातात, आणि चौथ्या मजल्यावर गॅलरीत चहा घेत बसलेल्या माझ्या उजव्या पायाची बोटं चपलेत आवळली जातात. मी आवळत नाही, ती आपोआप आवळतात. बायको म्हणते, "सुरू झालं का तुमचं?" लोकांना या दिवसांत दिवाळी आठवते, उटण्याचा वास आठवतो. मला एका माणसाची नडगी आठवते.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो. हडपसरला लागून, नदीच्या अलीकडे आमचं गाव. पलीकडे खराडी. दोन्ही काठांवर तेव्हा एकाच वेळी खोदकाम चाललं होतं. तिकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, इकडे त्या इमारतींत काम करणाऱ्यांची घरं. आमच्या शेतावर जेसीबी आला तेव्हा रानात ऊस उभा होता. दोन महिन्यांत तोडणी आली असती. वडील त्या ठेकेदाराला म्हणाले, "तेवढं थांबा की." तो म्हणाला, "काका, ताबा आजचा हाय." वडील घरी आले. गोठ्यातला कोयता उचलला आणि गोठ्याच्या लाकडी खांबावर घाव घालत सुटले. खांब तुटून छपराचा कोपरा खाली आला तेव्हा थांबले. त्यानंतर त्यांनी हातात काही धरलं नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे आणि मधूनच विचारायचे, "मोटर चालू केली का रं?" विहीर बुजवून तेव्हा सहा महिने झाले होते.

मी रागावलेला होतो, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. पण रागाला एक माणूस लागतो समोर. आम्हाला तो दर रविवारी मिळायचा.

आमच्या क्लबचं नाव नवजवान. जिल्ह्याच्या लीगमध्ये वरच्या गटात खेळायचा. आम्ही पगारी खेळाडू नव्हतो आणि नुसते हौशीही नव्हतो. आठवडाभर कुणी कारखान्यात टेम्पररी, कुणी टेम्पोवर, कुणी आपल्याच विकलेल्या जमिनीवरच्या इमारतीत वॉचमन. मॅच जिंकली की आप्पा पाकीट द्यायचा. आप्पा क्लबचा अध्यक्ष, नात्याने माझा लांबचा चुलता. जमिनी विका म्हणून घरोघर लोकांची मनं वळवणारा आप्पाच, आणि जमिनी गेल्या म्हणून पोरांची माथी भडकवणाराही आप्पाच. ही दोन्ही कामं एकच माणूस करतोय हे आम्हाला दिसत नव्हतं. त्याची नवी जीप दिसायची.

शिकवायला डिसोझा सर होते. कॅम्पातले, लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेले, मोपेडवर बॉलची जाळी टांगून यायचे. त्यांनीच मला स्टॉपर केला. स्टॉपर म्हणजे गोलीच्या पुढचा शेवटचा माणूस. त्याच्यापुढून कुणी गेला की संपलं. "बॉल को मार मॅन, आदमी को नहीं," असं ते बाहेरून ओरडत राहायचे. त्यांचा आवाज बसायचा, पण मला ऐकू यायचा नाही.

सीझनची पहिली मॅच खडकीच्या एका टीमशी झाली. कॉर्नरला उडी मारताना मी कोपर बाहेर ठेवलं. त्यांच्या फॉरवर्डचे दोन दात पडले. तो गवतात हाताने चाचपत दात शोधत होता. मला ते दिसले होते, माझ्या बुटाजवळच. मी बुटाखालच्या स्टडने ते मातीत दाबले आणि जागेवर जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या मॅचला आमच्या पोरांनी समोरच्या टीमच्या गोलीवर दगड मारले. एक त्याच्या कानामागे लागला. तो खाली बसला, उलटी केली आणि पुन्हा गोलात उभा राहिला, कारण त्यांच्याकडे दुसरा गोली नव्हता. आम्ही त्याच्या त्याच बाजूने गोल मारला.

मला ते आवडत होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. आठवडाभर कारखान्यात सुपरवायझरचं ऐकायचं, घरी वडिलांच्या मोटरचं ऐकायचं, आणि रविवारी सकाळी आठला एखाद्याच्या बरगडीत खांदा घातला की छातीतून हवा निघाल्याचा जो 'हं' असा आवाज येतो, तो ऐकून बरं वाटायचं. मॅचनंतर अंगावर मलम चोळताना मी शीळ घालायचो.

मला आतून ओळखणारा मैदानावर एकच माणूस होता, पटवर्धन सर. सदाशिव पेठेत गणिताचे क्लास घ्यायचे आणि रविवारी रेफ्री असायचे. काळे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, खिशात वही. त्या दातांच्या मॅचनंतरच्या एका मॅचमध्ये त्यांनी मला पिवळं कार्ड दाखवलं आणि जवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "आपण फुटबॉल खेळायला आला आहात, की गेलेली जमीन सोडवून घ्यायला?" कुणी शिवी दिली असती तर मी हसलो असतो. त्या 'आपण'ने माझे कान तापले.

नोव्हेंबरात खराडीच्या कंपनीची टीम आली. कंपनीचं नाव इथं कशाला? नवी होती. साहेबांना खेळाची आवड होती, त्यांनी बाहेरगावची पोरं कॉम्प्युटरवरच्या कामाला म्हणून घेतली होती आणि त्यांची टीम केली होती. निळ्या एसी बसमधून उतरली. सगळ्यांच्या बॅगा सारख्या. आमची पोरं त्या बसकडे बघून थुंकली. त्याच कंपनीत आमच्या गावातले चौघे नोकरी मागायला गेले होते, त्यातला एक गेटवर गणवेश घालून उभा राहिला होता, बाकीचे परत आले होते.

त्यांचा नऊ नंबर होता प्रवीण निखाडे. चंद्रपूरकडचा. माझ्याएवढाच, पण बारीक. तो पळायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने दोन गोल मारले. दुसऱ्या गोलाला मी समोरून पुढे झालो, पाय फाकले, आणि त्याने बॉल माझ्या दोन पायांच्या मधून काढला. मी वळता वळता तोंडावर पडलो. बाहेर लोक हसले. त्यांचे नाही, आमचे लोक हसले. गोल मारून परत जाताना तो माझ्याजवळ थांबला, हात पुढे केला आणि म्हणाला, "लागलं का भाऊ?"

मी तो हात धरला नाही. त्याऐवजी त्याने माझी टिंगल केली असती तर पुढचं कदाचित झालं नसतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. झालंच असतं.

आता मैदानाच्या पलीकडे एक टर्फ झालंय. चारी बाजूंनी जाळी, खाली हिरवं प्लास्टिक. आयटीतली पोरं-पोरी तासाच्या हिशोबाने येऊन खेळतात. माझी मुलगी खराडीत नोकरी करते, तीही शनिवारी जाते. खेळताना कुणाला धक्का लागला तर "सॉरी सॉरी" म्हणतात आणि लगेच पाण्याची बाटली पुढे करतात. मी जाळीबाहेर उभा राहून बघतो. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण खेळायचात ना? या की." मी म्हटलं, गुडघा दुखतो.

जानेवारीत कंपनीशी दुसरी मॅच होती. आदल्या दिवशी दुपारी आप्पाने बंगल्यावर जेवायला बोलावलं. मटणाचं ताट समोर आलं. आप्पा स्वतः वाढत होता.

"दत्ता, त्यो नऊ नंबर," तो म्हणाला. "पहिल्या मॅचला लई नाचला."

"बघतो आप्पा."

"बघू नगंस. पुढच्या रविवारी त्यो कुठल्याच मैदानावर दिसला न्हाय पायजे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." आणि माझ्या ताटात अजून एक फोड टाकली.

मी जेवलो. चांगलं झालं होतं मटण.

रविवारी सकाळी थंडी होती, गवत ओलं होतं. विसाव्या मिनिटाला प्रवीण डावीकडून आत आला. मी पुढे झालो. त्याने या वेळी बॉल माझ्या एका बाजूने ढकलला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने निघाला. बॉल माझ्यापासून दोन हात लांब होता. लोक म्हणतात असं काही क्षणात होतं, कळत नाही. मला कळत होतं. पाय मागे घेण्याएवढा वेळ माझ्याकडे होता. त्या वेळात मी त्याचा उजवा पाय जमिनीवर टेकण्याची वाट पाहिली. तो टेकला, त्याच्यावर सगळं वजन आलं, आणि मी दोन्ही पायांनी त्याच्या नडगीवर उतरलो.

आवाज फार मोठा नव्हता. सुकी फांदी मोडावी तेवढाच. पण मैदानातल्या सगळ्यांना तो ऐकू आला, कारण सगळे एकदम थांबले. प्रवीण ओरडला नाही. त्याने आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. गुडघा आणि घोट्याच्या मध्ये, जिथं माणसाला सांधा नसतो, तिथं पाय वळला होता. मोजा आतून लाल होत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. हिशोब चुकलेल्या मुलासारखा तो बघत होता, पुन्हा पायाकडे, पुन्हा माझ्याकडे. मग ओरडला.

पटवर्धन सर धावत आले आणि त्यांनी लाल कार्ड काढलं. आमची माणसं दोरी ओलांडून आत घुसली. पहिली खुर्ची सरांच्या खांद्यावर बसली, दुसरी भुवईवर. शर्ट फाटला. तोंडावरून रक्त ओघळत असताना त्यांनी खिशातून वही काढली, माझा नंबर लिहिला, वही परत खिशात घातली, आणि मगच डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली बसले. आठ-दहा जण त्यांना लाथा घालत होते. निळ्या बसच्या काचा फुटत होत्या, आत कुणीतरी बाई किंचाळत होती. प्रवीणला स्ट्रेचर नव्हतं. गोलाची जाळी सोडून तिच्यावर घालून नेला. नेताना पाय खाली लोंबला तेव्हाचं त्याचं ओरडणं मैदानाबाहेरच्या हमरस्त्यापर्यंत ऐकू आलं असेल.

मी कुठे होतो? मी तिथंच उभा होतो. मला कुणी हात लावला नाही. आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

गावात जीपच्या पुढे गुलाल उधळला. "ओवाळ की गं पोराला," कुणीतरी आईला म्हणालं. ती दारात आली, माझ्या मोज्यावरचे डाग पाहिले आणि आत निघून गेली. वडील टीव्हीसमोर होते.

"पोरगं कुणाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"चंद्रपूरकडचं."

"जमीन हाय का त्याला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

लीगच्या समितीने मला दोन मॅच बाहेर बसवलं. एवढ्यावर भागलं, कारण आप्पाची तिथे ओळख होती. मंगळवारी दुपारी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटबाहेर डिसोझा सर मोपेड लावून उभे होते. जाळी नव्हती, बॉल नव्हते.

"छोड दिया मैंने," ते म्हणाले. "क्लब छोड दिया."

"सर, चुकून..."

त्यांनी माझी कॉलर धरली. साठीचा माणूस, पण पकड लोखंडाची. "मेरे को मत बोल चुकून. तेरे को स्टॉपर मैंने बनाया. वो पाँव मैंने भी तोडा, समझा?" मग कॉलर सोडून ती हाताने सरळ केली. "जा के देख के आ. एक बार. फिर जो करना है कर."

बुधवारी मी गेलो. हडपसरमधलाच एक खासगी दवाखाना. वॉर्डात सहा खाटा होत्या. प्रवीणच्या पायात सळई घातली होती, वर प्लास्टर. खाटेजवळ जमिनीवर एक बाई बसली होती, सावळी, हडकुळी, पायात स्लिपर. त्याची आई. गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तार मिळाल्यावर पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती. मला दारात घुटमळताना बघून उठली.

"याच्या टीमचा का रे बाप्पा तू?"

मी प्रवीणकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं आलास. माले इथलं काही समजत नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलते, दवाई कुठं भेटते माहीत नाही." तिने माझ्या हातात चिठ्ठी दिली. "आणून देतं का?"

मी औषधं आणली. गरम पाणी आणलं. परत आलो तर ती म्हणाली, "याले उचलू लाग." बेडपॅन द्यायचं होतं. मी प्रवीणच्या काखेत हात घातले. ताप होता त्याला, अंग भाजत होतं. त्याचं डोकं माझ्या गळ्याला टेकलं होतं आणि तो दुखण्याने थरथरत होता. आईने चादर आडवी धरली. ते सगळं होईपर्यंत मी त्याला तसाच धरून होतो. त्याने डोळे मिटून घेतले होते. मीही मिटले.

ती खाली पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "सांगितलं नाहीस?"

"काहून सांगू?" तो छताकडे बघत म्हणाला. "तिले वाटते इथं आपलं कोणीतरी आहे. वाटू दे."

मी औषधाच्या बाटल्या खाटेशेजारी लावून ठेवल्या.

"मुद्दाम मारलं ना?"

"हो."

"माले माहीत होतं. बॉल तर गेला होता." मग तो म्हणाला, "माह्यासाठी येत असशील त नको येऊ. तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून येत असशील त अजूनच नको येऊ. तिच्यासाठी येत असशील त ये."

मी रोज गेलो. पाळी सुटली की सरळ दवाखान्यात. आई वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात स्टोव्ह लावून भात-वरण करायची, मलाही वाढायची. "खाय ना बाप्पा, कामावरून आला." मी खायचो. तिने मला प्रवीण लहान असताना कागदाचा चेंडू करून कसा खेळायचा ते सांगितलं, शेत नाही, घर एवढंसं, हा कमावता झाला तेव्हा गावात पेढे कसे वाटले तेही सांगितलं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. गावात परत गेलो की पोरं मला नाक्यावर थांबवून विचारायची, "कसा आवाज आला रं? परत सांग की." काही दिवस मी सांगितलंसुद्धा. मग तो रस्ता सोडून मागच्या बाजूने घरी जाऊ लागलो.

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस फुलांचा गुच्छ आणि एक पाकीट ठेवून गेला. प्रवीण झोपला होता. पत्र इंग्रजीत होतं. आईने ते माझ्याकडे दिलं. "वाच ना, काय म्हणते साहेब?"

माझं इंग्रजी अडखळत चालायचं, पण तेवढं कळलं. खेळासाठीचा करार पुढे वाढवता येत नाही, कळवण्यास खेद होतो.

"साहेब म्हणतात, लवकर बरे व्हा," मी म्हटलं. "नोकरीची काळजी करू नका."

प्रवीण जागा होता. त्याने हात पुढे केला. पत्र घेऊन सावकाश वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं.

"हाव माय," तो म्हणाला. "तसंच लिहिलं आहे."

ती दोन्ही हात जोडून त्या गुच्छाच्या पाया पडली.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला गावी न्यायचं ठरलं. सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांच्या ज्या खोलीत तो राहायचा तिथं त्याची एक पेटी होती, ती आणायला मी गेलो. सोबतच्या मुलांच्या परीक्षा होत्या, त्यांनी दारातूनच पेटी दिली. खाली उतरलो तर समोरच्या इमारतीवर पटवर्धन सरांच्या क्लासची पाटी. मी पेटी घेऊनच जिना चढलो. सर फळा पुसत होते. भुवईवर टाक्यांचा वण होता. मारहाणीनंतरच्याच रविवारी पट्टी बांधून ते पुन्हा मैदानावर उभे होते, हे मी ऐकलं होतं.

"सर, मी मुद्दाम मारलं," मी म्हटलं.

"ते मला तिथेच दिसलं. म्हणून तर लाल कार्ड दिलं," ते फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले. "आपण आज नवीन काय सांगायला आला आहात?"

"मला वाईट वाटतंय."

"असं?" त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "समितीला लेखी द्या. तोंडी वाईट वाटण्याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. आणि जाताना दार ओढून घ्या, रस्त्याची धूळ येते."

दुसऱ्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती. माझी बंदी संपली होती. जिंकलो असतो तर आम्ही पहिले आलो असतो. आप्पाने मैदानावरच मला बाजूला घेतलं. "ह्यांचा सात नंबर," एवढंच म्हणाला. नवा गडी होता, विशीतला. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना तो एकटा बॉल घेऊन माझ्यावर आला. तोच कोन, तसाच बाजूने ढकललेला बॉल, त्याचा पाय टेकला. सगळं मैदान माझ्या नावाने ओरडत होतं. मी पाय उचललाच नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता तो. पायच उठला नाही. तो पोरगा माझ्या शेजारून गेला, त्याचा श्वास मला लागला, आणि गोल झाला.

मॅच संपल्यावर प्रेक्षकांच्या मंडपामागे आमचा गोली आणि तिघे माझी वाट बघत होते. पहिला बुक्का पोटात. खाली पडल्यावर बूट. स्टड गालावर कसे लागतात ते तेव्हा मला कळलं. नाक मोडलं, एक डोळा बंद झाला. मी हात वर केले नाहीत. तुडवता तुडवता गोली रडत होता, "का सोडला रं त्याला, का सोडला!" बाजूला जीपला टेकून आप्पा नव्या मोबाईलवर बोलत होता, दुसऱ्या कानात बोट घालून, म्हणजे आमच्या आवाजाचा त्रास नको.

पुढे आप्पा निवडून आला. माझ्या गॅलरीखालच्या मैदानाला आज त्याच्या वडिलांचं नाव आहे. डिसोझा सर काही वर्षांनी गेले. कॅम्पातल्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. पटवर्धन सरांना मी लेखी दिलं, पण शेवटच्या मॅचनंतर आठवड्याने. त्यांनी वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून पुढे पाठवलं. माझं नाव लीगमधून कायमचं काढलं. गावाने दोन वर्षं बोलणं टाकलं. मी एका गोदामात लागलो, तिथेच चढत गेलो. तिथं एकदा चंद्रपूरकडचा एक मुलगा कामाला आला. त्याच्याकडून कळलं, निखाडे सर गावाकडच्या शाळेत खेळ शिकवतात, उजवा पाय ओढत चालतात, आणि पोरांनी आडवा पाय घातला की आठवडाभर मैदानाबाहेर बसवतात. त्याच्याकडे फोन नंबर होता. मी मागितला नाही.

सीझन मात्र माझ्या डोक्यात त्या मंडपामागे संपत नाही. तो संपतो दुसऱ्या दिवशी दुपारी, पुणे स्टेशनवर.

प्रवीण सामानाच्या हातगाडीवर बसला होता, प्लास्टरचा पाय समोर लांब. हमाल एक बाजू धरून उभा होता. नागपूरकडची गाडी लागायची होती. मी पेटी घेऊन आलो तशी त्याची आई पुढे झाली आणि थबकली.

"अरे देवा! हे काय झालं? कोणं मारलं तुले?" तिने बाटलीतल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि माझ्या डोळ्याखाली टेकवलं.

"आमच्याच पोरांनी."

"काहून?"

"मी मारलं नाही म्हणून, मावशी. या वेळी."

पदर तिथंच थांबला. "या वेळी?"

"दत्ता," प्रवीण म्हणाला. महिन्याभरात त्याने पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मला गप्प करायला घेतलं.

"प्रवीणचा पाय मी मोडला," मी म्हटलं. "मी त्याच्या टीमचा नाही. पलीकडच्या टीमचा आहे. मुद्दाम मोडला."

तिने मागे वळून मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग तिने मला मारलं. पहिली थप्पड सुजलेल्या गालावर बसली आणि नाकातून पुन्हा रक्त आलं. दुसरी, तिसरी. भांडी घासून खरखरीत झालेले हात होते. चौथीला मूठ वळली होती. डब्याची पिशवी तिच्या खांद्यावरून पडली, डबा उघडून भात फलाटावर सांडला. हमाल मध्ये पडायला आला. "तू हो बाजूले!" ती त्याच्यावर ओरडली. मला मारत राहिली आणि एकच वाक्य म्हणत राहिली, "माह्या हातचं जेवला ना रे तू! माह्या हातचं जेवला!"

लोक जमले होते. कुणी म्हणालं पोलीस बोलवा, कुणी म्हणालं पाकीटमार दिसतोय. गाडी फलाटात शिरली तेव्हा सगळे पांगले, दरवाजांकडे धावले. ती धापा टाकत उभी राहिली. तिने गाडीच्या डब्याच्या अरुंद दाराकडे पाहिलं, उंच पायऱ्यांकडे, हमालाकडे, मग त्या लांब पांढऱ्या पायाकडे. गाडी जास्त थांबणार नव्हती. आसपास तिचं दुसरं कुणी नव्हतं.

"धर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाय धर त्याचा."

हमालाने प्रवीणला पाठीमागून काखेत धरून उचललं. मी पाय धरला, एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. प्लास्टरचं वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त होतं. दारात वळताना कडीला लागेल म्हणून मी माझी कोपरं दोन्ही बाजूंना काढली, ती दारावर घासली. मागून लोक ढकलत होते, मी पाठीने त्यांना रोखून धरलं. "हळू," प्रवीण दात आवळून म्हणाला. आम्ही एकेक पाऊल टाकत आत गेलो. त्याला खालच्या बाकावर टेकवलं.

ती चादरीची घडी घेऊन पायाशी बसली.

"आणखी थोडा वर," ती म्हणाली.

मी पाय आणखी थोडा वर उचलला, आणि तिने घडी त्याच्याखाली नीट सरकवून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.